पाणी घालू नये : एरंडवण्यातल्या एका कळलावीचे चार पावसाळे

एरंडवण्यात, टेकडीच्या पायथ्याशी एक जुनी तीन मजली सोसायटी आहे. तळमजल्यावर काकू राहतात. वय ७१, निवृत्त शिक्षिका, माहेर चिपळूणकडचं. त्यांच्या फ्लॅटलगतच्या साइड मार्जिनमध्ये चाळीसेक कुंड्या: मोगरा, गुलाब, कढीपत्ता, स्पायडर लिलीची एक रांग, आणि पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत असते तशी कुणीही न लावलेली एक पपई. मी घरच्या बागांची दुखणी बघायला जाते. काकूंचा फोन आला तो सप्टेंबरात. तक्रार एका ओळीची होती. "कळलावी दोनदा आणली, दोनदा मेली. पुण्यात ती होतच नाही का?"

होते की. सिंहगडाच्या वाटेवर होते, मुळशी-ताम्हिणीकडे जाताना कुंपणांवर चढलेली दिसते. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस, ताम्हिणीत त्याच्या कितीतरी पट. पण दोन्हीकडे ती सुखाने राहते. म्हणजे हवापाण्याचा प्रश्न नव्हता. चूक कुठेतरी त्या साइड मार्जिनमध्येच होती, आणि ती शोधायला मला मागचे दोन पावसाळे काकूंच्या आणि माळीदादांच्या तोंडून पुन्हा ऐकावे लागले.

आधी झाडाविषयी, कारण निम्मं उत्तर त्याच्या वागण्यातच आहे. कळलावी ही रानाच्या कडेची वेल. दाट सावलीत नाही आणि उघड्या माळावरही नाही. झुडपांच्या बुडाशी उगवायचं, त्यांचाच आधार घेत वर चढायचं आणि डोकं उन्हात काढायचं. वर चढायला तिला वेगळे ताणे नसतात, पानाचं टोकच लांबून ताण्यासारखं गुंडाळतं. फूल उलटं लोंबतं आणि सहा पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात, कडा नागमोडी. उमलताना हिरवट, मग बुडाशी पिवळी नि शेंड्याला लाल, आणि जाता जाता सगळीच लाल. 'अग्निशिखा' हे नाव कुणी का दिलं ते सांगायला नको.

काकूंना मात्र अग्निशिखा नको होती, त्यांना 'गौरीचे हात' हवे होते. कोकणात हे फूल त्या नावाने ओळखतात. त्यांच्या माहेरी तेरड्याची गौर असायची आणि तिला हात या फुलाचे. लांब, लाल, बोटं वळवलेले. गंमत अशी की तिकडे प्राचीन तमिळ संगम काव्यातही याच फुलाला, कांदळला, बायकांच्या बोटांची उपमा आहे. तमिळनाडूचं ते राज्यफूल आहे आणि झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल. म्हणजे आशियात आणि आफ्रिकेत दोन्हीकडे ती मुळचीच.

संस्कृतात तिला 'लांगली' म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. कंद बघितला की नाव लगेच पटतं: इंग्रजी व्ही अक्षरासारखा, दोन फाट्यांचा, बोटाएवढा किंवा त्याहून जाड, गुळगुळीत. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो. तो मोडला की तो फाटा संपला. बटाट्यासारखे अंगभर डोळे नाहीत. ही एक गोष्ट माळीदादांना माहीत असती तर दुसरा पावसाळा वाचला असता.

पहिला पावसाळा

पहिला कंद काकूंनी जूनमध्ये एका नर्सरीतून आणला. कोकोपीट आणि गांडूळखत अर्धं अर्धं, १२ इंची कुंडी, मोगऱ्याच्या रांगेत. वेल आली, ऑगस्टमध्ये फुलली, काकूंनी फोटो नातेवाइकांना पाठवले. सगळं छान चाललं होतं आणि ऑक्टोबरात पानं पिवळी पडायला लागली.

पुढचं काकूंनी जरा अपराधी चेहऱ्याने सांगितलं. पिवळं पान दिसलं की आपण जे करतो तेच झालं. आधी पाणी वाढवलं. मग माळीदादांनी चिमूटभर युरिया टाकला. तरी पिवळी पडतेच म्हटल्यावर त्यांनी वेल बुडापासून कापली, "नवी फुटेल" म्हणून. नवी फुटली नाही. तरी कुंडी जागेवर राहिली, कारण पावसाळ्यात परत येईल असं नर्सरीवाला म्हणाला होता. जूनमध्ये उकरलं तर आत काळपट, वास येणारा चिखल.

यात तीन चुका एकावर एक बसल्या आहेत. पण तिन्हींचं मूळ एकच: झाड झोपायला निघालं होतं आणि सगळे ते मरतंय असं समजून धावले. कळलावी दरवर्षी पाऊस संपला की वरचं सगळं सोडून देते आणि सहासात महिने जमिनीखाली काढते. पिवळी होणारी पानं तेव्हा फुकट जात नसतात. त्यांच्यातलं होतं नव्हतं ते खाली नव्या कंदात उतरत असतं. जुना कंद त्या वर्षापुरता असतो, सुरकुतून जातो, आणि वेलीच्या बुडाशी नवा तयार होतो. पिवळी पानं हिरवी करायला युरिया घालणं म्हणजे झोपेला आलेल्या मुलाला चहा पाजणं. आणि वेल अर्धवट कापली म्हणजे नव्या कंदाचं ताटच काढून घेतलं.

तरीही कंद कदाचित वाचला असता. त्याला खरं मारलं ड्रिपने. मोगऱ्यासाठी टाकलेली ड्रिपची नळी या कुंडीतही होती आणि टायमर फेब्रुवारीपासून दिवसातून दोनदा चालायचा. मोगरा त्या पाण्यावर बहरला. शेजारच्या कुंडीत मात्र पाणी ओढायला ना पान होतं ना जिवंत मूळ, आणि कोकोपीट तर ओल धरून ठेवण्यासाठीच असतं. एप्रिल-मेचं ऊन, तापलेली कुंडी, आत कायम ओल. रानात हाच कंद हे चार महिने खडखडीत कोरड्या मुरमात काढतो. कुणी पाणी घालत नाही म्हणून तर तो जगतो.

टायमर कुणी लावला होता, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा काका पेपर वाचत होते.

दुसरा पावसाळा

दुसरा कंद चांगला दोन फाट्यांचा होता. माळीदादांनी तो मधोमध मोडून दोन केले. तत्त्वतः चालतं, दोन्ही टोकांचे डोळे शाबूत असले तर दोन वेली मिळतात. पण एका फाट्याचं टोक हाताळताना तुटलं. "एवढंसं तर तुटलं," ते म्हणाले. तो एवढासाच तर डोळा होता. त्या कुंडीत पावसाळाभर गवत उगवलं.

दुसरा फाटा त्यांनी गाजरासारखा उभा खोचला, टोक खाली. कोंब आला, पण खालून वळसा घेऊन, जुलैच्या मध्याला, नि बारीक. मग आधाराला मनगटाएवढा बांबू रोवला. हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. पानाचं टोक ते केवढं, ते विळखा घालणार केवढ्याला? काडीला, तारेला, दुसऱ्या झुडपाच्या डहाळीला. बांबूवरून ते घसरतं. वेल सुतळीने बांधली होती, वाऱ्यात नेमकी सुतळीपाशीच मोडली.

उरलेलं अळ्यांनी खाल्लं. काळ्या अंगावर पांढरे नि लाल ठिपके, एका रात्रीत पानांची चाळण. ही लिली मॉथची अळी, शास्त्रीय नाव पॉलिटेला ग्लोरिओसी. नावातच कळलावी आहे: तिचं शास्त्रीय नाव ग्लोरिओसा, इंग्रजीत ग्लोरी लिली. जे झाड गुरंसुद्धा टाळतात ते ही मजेत खाते. त्या आल्या कुठून, हे शोधायला लांब जावं लागलं नाही: स्पायडर लिलीच्या रांगेत खालच्या पानांवर अजून दहाबारा बसल्या होत्या. लिली तिला तितकीच प्रिय. काकूंनी कळलावी नेमकी त्या रांगेला खेटून ठेवली होती, "दोघी लिलीच ना" म्हणून.

मी गेले तेव्हा कुंडीत वर काही नव्हतं. माळीदादा माती रिकामी करायला निघाले होते. मी चमच्याने, बोटांनी हळूहळू माती काढली. चार इंचांवर नवा कंद मिळाला. करंगळीएवढा, बारीक, पण घट्ट आणि टोकाला डोळा शाबूत. म्हणजे काकूंची तक्रार निम्मी चुकीची होती. दुसऱ्यांदा ती मेलीच नव्हती.

माझी चूक

इथे माझी एक चूक नोंदवायला हवी. मी काकूंना सांगितलं, कंद धुऊ नका, कागदी पिशवीत घालून कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा, मेअखेर बघू. जानेवारीत दुसऱ्या कामाने गेले तर पिशवी कुठे? स्वयंपाकघरात, कांद्या-बटाट्यांच्या टोपलीत. कोरडी, सावलीची जागा. काकूंनी माझा शब्द न् शब्द पाळला होता.

माझ्या पोटात गोळा आला. कळलावी पानापासून बीपर्यंत सगळीच विषारी, आणि कंदही त्याला अपवाद नाही. त्यात कोल्चिसिन असतं. वातरक्ताच्या, म्हणजे गाउटच्या, गोळीत तेच असतं, आणि १९३७ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ झाडांची गुणसूत्रं दुप्पट करायला तेच वापरत आलेत. पण प्रमाण चुकलं की ते शरीरातल्या पेशींचं विभाजनच थांबवतं. पोटात गेलं तर काही तासांत उलट्या-जुलाब, मग एकेक अवयव. वाचलेल्या माणसाचे केस आठवड्या-दोन आठवड्यांनी गळतात. आणि तो कंद दिसतो कसा? सोललेल्या रताळ्यासारखा. घरातल्या अपघाती विषबाधा अनेकदा अशाच गोंधळातून होतात. 'कोरडी जागा' म्हणताना मी 'घराबाहेरची' म्हणायला हवं होतं.

तेव्हापासून कुणालाही कंद काढून ठेवायला सांगत नाही. कुंडीतच राहू द्यायचा. ऑक्टोबरात पानं पिवळी पडायला लागली की पाणी थांबवायचं, वेल पूर्ण वाळून हाताने ओढल्यावर आपसूक सुटेल तेव्हाच काढायची, आणि कुंडी आडवी करून पत्र्याखाली ठेवायची. आडवी अशासाठी की अवकाळी पाऊस आला किंवा शेजारच्यांनी मायेने तांब्याभर पाणी ओतलं तरी आत राहू नये. काकूंची कुंडी आता मीटर-रूमच्या छपराखाली असते.

तिसरा आणि चौथा

तिसऱ्या पावसाळ्यासाठी माती बदलली. निम्मा बारीक मुरूम, बाकी बागेची माती आणि जुनं शेणखत. तळाला फुटक्या कौलांचे तुकडे. कंद आडवा, दोन-तीन इंच खोल, डोळा कुंडीच्या मध्याकडे. आधाराला तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, पंख्यासारख्या खोचल्या. त्या काकांनी सासवडकडच्या एका शेतकऱ्याकडून आणल्या. टायमरचं प्रायश्चित्त असं त्यांनी म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. कुंडी मोगऱ्यापासून हलवून पूर्वेच्या कढीपत्त्याच्या आडोशाला ठेवली. बुडाशी सावली आणि शेंड्याला अकरापर्यंतचं ऊन. ड्रिपची नळी काढली. अळ्यांवर औषध नाही मारलं. काकू रोज सकाळी चहा झाला की स्पायडर लिलीवरच्या अळ्या चिमट्याने साबणाच्या पाण्यात टाकायच्या. शिक्षिकेला शोभेल अशी त्यांची वही आहे: तारीख आणि अळ्यांची संख्या.

त्या वर्षी फूल आलं नाही. काकू नाराज झाल्या, मी नाही. करंगळीएवढ्या कंदाने फूल द्यावं ही अपेक्षाच जास्तीची. वेल चार फूट गेली, ऑक्टोबरात निवांत वाळली, आणि मातीत जे तयार झालं ते आम्ही बघितलं नाही. बघायचा मोह फार होतो. उकरून बघण्यात डोळा मोडतो.

चौथ्या जूनमध्ये, पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर, कुंडीत दोन कोंब होते. दोन, म्हणजे खाली नांगर तयार झाला होता. ऑगस्ट लागता लागता पहिली कळी, आणि महिनाभरात अकरा फुलं. एकेक फूल आठवडाभर टिकतं आणि रंग बदलत जातं, त्यामुळे वेलीवर एकाच वेळी हिरवट, पिवळी, लाल अशी तिन्ही वयं दिसतात. शिंजीर यायचा, एका काडीवर बसून मान वाकडी करायचा.

नाव सार्थ झालं

फुलं रस्त्यावरून दिसायला लागली आणि पहिल्या मजल्यावरच्या ताईंनी मोबाइलवर झाडाचं नाव शोधलं. त्यांचा मुलगा दीड वर्षाचा. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर 'जीवघेणं झाड' आणि तीन लाल उद्गारचिन्हं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी त्यात भर घातली: कळलावी घरात ठेवली की कळ लागते, भांडणं होतात, जुनी माणसं लावत नसत. नावाचा दुसरा अर्थ, बाळंतपणाच्या कळा लावणारी, हा जुन्या औषधी वापरातून आलेला. पण त्या आठवड्यात आजोबांचाच अर्थ खरा ठरत होता.

सेक्रेटरींनी मला बोलावलं. काकूंना वाटलं मी त्यांची बाजू घेईन. मी ताईंची घेतली. दीड वर्षाचं मूल जे दिसेल ते तोंडात घालतं, आणि लाल टपोऱ्या बिया पिकून शेंग फुटली की त्या अगदी खाऊसारख्या दिसतात. हा वाद भावनेचा नव्हता, जागेचा होता. जाता जाता एवढंच सांगितलं की फाटकापाशी वीस वर्षं उभी असलेली बिट्टी, तीच पिवळी कण्हेर, हिच्याइतकीच विषारी आहे आणि तिची फळं मुलं खेळायला वेचतात. त्यावर सगळे गप्प बसले. बिट्टी अजून तिथेच आहे. निदान तिची फळं आता वॉचमनदादा गोळा करतात.

ठरलं ते असं. कुंडी काकूंच्या सिट-आउटच्या जाळीच्या आत गेली. फुलं गेली की शेंगा धरताच खुडायच्या. झाडाला हात लावताना हातमोजे, नंतर साबण. कुंडीवर ठळक पाटी. आणि कुणाच्या पोटात काही गेलंच, तर घरगुती उपाय न करता झाडाचा तुकडा बरोबर घेऊन थेट रुग्णालय. ताईंनी आणखी एक विचारलं, रास्त होतं: मग रानातली असू दे ना रानातच, घरात कशाला? त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. रानातली रानात राहावी म्हणूनच ती नर्सरीतून घ्यावी, एवढं म्हटलं. औषधासाठी कंद उपटून उपटून बऱ्याच ठिकाणी ती विरळ झाली आहे. राखीव वनातून असं काही काढणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हाही आहे, पण फिरायला जाऊन खुरपं काढणाऱ्यांना कायदा आठवत नाही. तमिळनाडूत शेतकरी तिची रीतसर शेती करतात, बियांसाठी.

त्या भाद्रपदात काकूंच्या गौरीला हात मिळाले. दोनच फुलं, आखूड देठाने खुडलेली. लांब फांदी तोडली की पानंही जातात आणि कंद उपाशी राहतो. पूजेनंतर ती निर्माल्यात न टाकता वेगळी पुरली.

शेंगा खुडायच्या या नियमाला काकूंनी एक अपवाद मागितला. एका फुलावर त्यांनी रंगकामाच्या ब्रशने दुसऱ्या वेलीच्या फुलाचा पराग लावला. या फुलाचा कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी, बुडाशीच काटकोनात वळून पुंकेसरांपासून दूर जातो, त्यामुळे आपलाच पराग आपल्याला सहसा लागत नाही. तमिळनाडूतले शेतकरीसुद्धा हाताने परागण करतात. शेंग धरली. तिला मलमलची पुरचुंडी बांधली, ताईंना दाखवली, त्यांनी मान डोलावली.

बिया २२ निघाल्या. या जूनमध्ये मुरमाच्या ट्रेमध्ये पेरल्या. आजपर्यंत तीन उगवल्या आहेत, गवताच्या पात्यासारखं एकेक पान. बियांपासून फूल यायला तीन-चार वर्षं लागतात हे मी सांगितलं, तेव्हा काकूंनी बोटांवर मोजलं. "म्हणजे मी ७५ ची." मग आत जाऊन पाटी घेऊन आल्या. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर, फळ्यावरच्या अक्षरात लिहिलेली: नोव्हेंबर ते मे, पाणी घालू नये. खाली बारीक अक्षरात काकांसाठी एक जास्तीची ओळ होती: टायमरला हात लावू नये.